मध्यम बजेटच्या गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड: काय बघायचं आणि कुठे पैसे वाचवायचे

मदरबोर्डामुळे गेममध्ये एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) वाढत नाहीत. तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच ग्राफिक्स कार्ड बारा हजारांच्या बोर्डावर लावा नाहीतर तीस हजारांच्या, खेळताना फरक कळणार नाही. चुकीचा बोर्ड मात्र पीसीला पावलोपावली अडवतो. प्रोसेसर ओळखलाच जात नाही, रॅम ठरल्या वेगाने चालत नाही, अर्धा तास खेळल्यावर प्रोसेसरचा वेग पडतो, दुसरी एसएसडी लावली की जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी होते. म्हणून शोधायचा तो बाकीच्या पार्टांना कुठेही न अडवणारा आणि त्यातल्या त्यात स्वस्त बोर्ड. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, तिथे ते पडद्यावर दिसतात.

इथे गृहीत धरलेला पीसी साधारण ७० हजार ते सव्वा लाखाचा, १०८०पी किंवा १४४०पी रिझोल्यूशनवर गेम खेळण्यासाठी असेंबल केलेला आहे. या बजेटात एकूण खर्चाच्या दहा ते पंधरा टक्के बोर्डावर गेले तर ठीक. त्याच्या वर गेलात की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुकानात जाण्याआधी किंवा ऑनलाइन ऑर्डर टाकण्याआधी एका कागदावर हे लिहून ठेवा:

- प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. १२४०० आणि १२४००एफ हे वेगळे आहेत.
- ग्राफिक्स कार्डाचं नेमकं मॉडेल, त्याची लांबी आणि ते किती स्लॉट जाड आहे.
- रॅम किती जीबी आणि किती पट्ट्या. घरात जुनी रॅम असेल तर ती डीडीआर४ आहे की डीडीआर५.
- एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी चपटी पट्टी) किती, सॅटा ड्राइव्ह (वायरने जोडायची) किती. पुढच्या दोन वर्षांत वाढणार असतील तर त्याही धरा.
- कॅबिनेटचं मॉडेल आणि त्याच्या तोंडावर कोणते यूएसबी पोर्ट आहेत.
- इंटरनेट वायरने येणार की वाय-फायने.

मनात दोन-तीन बोर्ड आले की त्यांचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून पीडीएफमध्ये उतरवून घ्या. फुकट मिळतं. खोक्यावर जे लिहिलेलं नसतं ते त्यात असतं.

१. आधी लगीन प्रोसेसरचं

बोर्ड आवडला म्हणून त्याला साजेसा प्रोसेसर घेणं हा उलटा कारभार. प्रोसेसर ठरला की सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आपोआप ठरतं आणि निम्मे बोर्ड यादीतून गळतात. सध्या दुकानात चार सॉकेट भेटतील.

एएम५: एएमडीचं चालू सॉकेट, सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. रायझेन ७०००, ८००० आणि ९००० मालिका यात बसतात. रॅम फक्त डीडीआर५. हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे.

एएम४: रायझेन १००० ते ५००० साठी, डीडीआर४ रॅम. आता इथे वरचा रस्ता नाही. पण रायझेन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स अजूनही दमदार आहेत.

एलजीए १७००: इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीसाठी. १४वी पिढी ही शेवटची. बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात.

एलजीए १८५१: ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी. फक्त डीडीआर५.

सगळं शून्यापासून घेणार असाल तर सरळ एएम५ घ्या. तीन-चार वर्षांनी बोर्ड आणि रॅम तसेच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल, ही सोय बाकी तिघांत नाही किंवा तिची खात्री देता येत नाही. अपवाद एकच: घरात १६ किंवा ३२ जीबी चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर एएम४ किंवा डीडीआर४वाला एलजीए १७०० बोर्ड घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती ज्या भडकल्या, त्यात हातातली रॅम म्हणजे रोख पैसा.

इथली नेहमीची फसगत शेवटच्या अक्षराची. नावापुढे 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं (आय५-१२४००एफ, रायझेन ५ ७५००एफ). बोर्डावर एचडीएमआय पोर्ट दिसतो म्हणून मॉनिटर तिथे लावला तर स्क्रीन काळीच राहते आणि बोर्ड खराब निघाला म्हणून लोक तो परत करायला जातात.

दुसरी फसगत ऑनलाइन. 'आय७ गेमिंग बोर्ड कॉम्बो' म्हणून अनोळखी ब्रँडचे एच६१, एच८१ किंवा एक्स९९ बोर्ड तीन-चार हजारांत दिसतात. एच६१ आणि एच८१ हे दहा वर्षांहून जुन्या प्रोसेसरचे, तर एक्स९९ हे सर्व्हरमधून काढलेल्या झिऑन चिपवर चालणारे. आय७ हे नाव खरं असतं, पिढी मात्र सांगितलेली नसते. लांब राहा.

२. चिपसेट: पहिलं अक्षर वाचायला शिका

चिपसेट म्हणजे यूएसबी, स्टोरेज वगैरे सांभाळणारी बोर्डावरची मुख्य चिप, तिचंच नाव बोर्डाच्या नावात असतं. ए किंवा एच म्हणजे साधारण खालचा वर्ग, बी म्हणजे मधला, एक्स किंवा झेड म्हणजे वरचा. मध्यम पीसीला बी वर्ग पुरतो. त्यातले बारकावे असे.

एएम५वर बी६५० किंवा बी८५० घ्या. दोन्हींत प्रोसेसर आणि रॅम दोन्हींचं ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) चालतं. बी८५०मध्ये निदान एक एम.२ स्लॉट पीसीआयई (कार्डं आणि एसएसडी जोडायचा मार्ग) ५.० असतो, ज्याचा गेमिंगला आज काहीच उपयोग नाही. तेव्हा दोघांत जो स्वस्त पडेल तो उचला. ए६२० अगदीच वाईट नाही: प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही, पण रॅमचा एक्स्पो प्रोफाइल (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवायची तयार सेटिंग) चालतो आणि रायझेन ५ ७६०० त्यावर नीट पळतो. फक्त त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसतो, ते तपासा.

सांभाळायचं ते बी८४०पासून. नावावरून तो बी८५०चा धाकटा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात तो ए६२०च्या पंगतीतला आहे: प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही, ग्राफिक्ससाठी पीसीआयई ४.० आणि चिपसेटच्या लेन (डेटाच्या वाटा) ३.०च्या. बी६५०च्या भावात कोणी बी८४० देत असेल तर घेऊ नका. एक्स८७०ची गंमत निराळी. त्यात यूएसबी ४ सक्तीचं आहे, आणि त्याच्यासाठी लागणाऱ्या लेन कित्येक बोर्डांवर एका एम.२ स्लॉटशी वाटून घेतलेल्या असतात. जास्त पैसे मोजून एक एसएसडी कमी, असा प्रकार होऊ शकतो.

इंटेलच्या एलजीए १७००वर बी७६० किंवा बी६६० घ्या. बी७६०मध्ये चिपसेटच्या पीसीआयई ४.० लेन दहा, बी६६०मध्ये सहा. एक-दोन एसएसडीच्या पीसीत हा फरक जाणवत नाही. एच६१० स्वस्त का, तेही समजून घ्या: रॅमचे दोनच स्लॉट, रॅमचा वेग वाढवता येत नाही, आणि एम.२ स्लॉट पीसीआयई ३.०वर. आय५-१२४००एफ आणि एक एसएसडी एवढाच जन्मभराचा संसार असेल तर चालून जाईल.

'के'वाला प्रोसेसर (जसा आय५-१४६००के) बी७६०वर चालतो, पण त्याचं ओव्हरक्लॉकिंग फक्त झेड बोर्डावर होतं. गेमिंगसाठी ते करून मिळणारे पाच-सात एफपीएस आणि त्यासाठी लागणारा महागडा बोर्ड आणि कूलर यांचा हिशेब या बजेटात बसत नाही.

३. रॅम: दोन पट्ट्या, योग्य खाचेत

डीडीआर४ आणि डीडीआर५च्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. एकीचा स्लॉट दुसरीला चालत नाही आणि दोन्ही चालवणारा एलजीए १७०० बोर्ड दुकानात मिळत नाही असंच धरून चाला. इंटेलच्या बोर्डांत एकाच नावाचे दोन अवतार असतात, नावाच्या शेवटी 'डी४' असलं तर डीडीआर४चा. ऑनलाइन ऑर्डर टाकताना हा 'डी४' नजरेतून सुटतो.

एएम५साठी डीडीआर५-६०००, सीएल३० (प्रतिसादाला लागणारा वेळ, आकडा कमी तेवढा बरा), १६ जीबीच्या दोन पट्ट्या हे ठरलेलं समीकरण आहे. यापेक्षा वेगवान रॅमला पैसे जास्त पडतात आणि रायझेनला त्याचा फायदा नावापुरता होतो. बोर्डाच्या खोक्यावरचं 'डीडीआर५ ८०००+ (ओसी)' वाचून हुरळू नका. ६००० चालवायला कुठलाही बी६५० पुरतो.

चार पट्ट्यांचा मोह टाळा. एक्स्पो न लावता रायझेन ७०००ची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२०० आहे, आणि चारही स्लॉट भरले की ती ३६००वर येते. काही जणांचं नशीब जोरावर असतं आणि चार पट्ट्या ६०००वर चालतात, पण त्याच्या भरवशावर खरेदी करू नये. 'आता ८-८ जीबीच्या दोन घेतो, पुढच्या वर्षी अजून दोन टाकतो' हा बेत डीडीआर५वर फसतो. पैसे कमी असतील तर १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि पुढे तशीच दुसरी जोडा. मधल्या काळात एकच चॅनेल चालल्याने काही गेममध्ये एफपीएस कमी मिळतील, पण आधीची पट्टी वाया जाणार नाही. याच कारणाने एएम५वर दोनच रॅम स्लॉटवाला बोर्ड कमीपणाचा समजायचं कारण नाही.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. मॅन्युअलमध्ये त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात.

४. व्हीआरएम: बोर्डाची खरी किंमत इथे असते

एसएमपीएसकडून (पीसीला वीज देणारा डबा) बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा व्होल्ट. हे रूपांतर प्रोसेसरच्या डावीकडे आणि वर असलेले छोटे चौकोनी भाग करतात, त्यालाच व्हीआरएम म्हणतात. रूपांतर करताना ते तापतात. फार तापले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. गेम सुरुवातीला लोण्यासारखा चालतो आणि वीस मिनिटांनी अडखळतो, यामागे अनेकदा हेच असतं. दोष जातो ग्राफिक्स कार्डाच्या माथी.

कोणाला किती वीज लागते ते बघा. रायझेन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. ७८००एक्स३डीची मर्यादा १६२ वॉट असली तरी गेममध्ये तो त्याच्या निम्म्याहूनही कमी घेतो. आय५-१२४००एफ ११७ वॉटपर्यंत, आय५-१४६००के १८१ वॉटपर्यंत, आणि १४व्या पिढीचा आय७ 'के' २५३ वॉटपर्यंत जातो. पहिल्या तिघांना साधा बी बोर्ड झेपतो. शेवटच्या दोघांसाठी दोन्ही बाजूंना जाडजूड हीटसिंक असलेलाच बोर्ड हवा. आय७ स्वस्तात मिळाला म्हणून एच६१०वर चढवणं म्हणजे आय७चे पैसे देऊन आय५चा वेग घेणं.

व्हीआरएमच्या एकेका तुकड्याला फेज म्हणतात. जाहिरातीतल्या '१२+२+१ फेज'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दोन-दोन भाग समांतर जोडूनही आकडा फुगवता येतो, आणि ८ चांगल्या फेज १२ हलक्या फेजपेक्षा थंड राहतात. फोटोत निदान प्रोसेसरच्या डाव्या बाजूला, म्हणजे मागच्या पोर्टांजवळ, स्क्रूने बसवलेला धातूचा हीटसिंक दिसायला हवा. मग त्या मॉडेलची व्हीआरएम तापमानाची चाचणी शोधा. चाचणी वाचताना एक गोष्ट ध्यानात धरा: त्या बहुतेक २०-२५ अंशांच्या थंड खोलीत होतात. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावला एसीशिवायच्या खोलीत पीसी चालणार असेल तर त्या आकड्यात १५ अंश तरी मिळवा. चाचणीत ८५ दिसत असेल तर तुमच्याकडे शंभरी गाठेल.

लिक्विड कूलर लावणाऱ्यांनी आणखी जपावं. टॉवर कूलरचा पंखा जाता-जाता व्हीआरएमवरही वारा घालतो, लिक्विड कूलरचा पंप घालत नाही.

बोर्डावर प्रोसेसरच्या विजेसाठी ८+४ पिन असे दोन सॉकेट दिसले आणि तुमच्या एसएमपीएसला एकच ८ पिन वायर असली तरी घाबरू नका. या वर्गातल्या प्रोसेसरला एक ८ पिन पुरते.

५. ग्राफिक्स स्लॉट आणि एम.२चं गौडबंगाल

आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय, आरएक्स ६६०० आणि ७६०० ही कार्डं दिसायला लांब स्लॉटची असली तरी आतून फक्त ८ लेन वापरतात. पीसीआयई ४.० बोर्डावर त्याने काही बिघडत नाही. पण जुन्या बी४५० किंवा ए५२० बोर्डावर ती ३.०च्या ८ लेनवर चालतात, आणि ८ जीबी मेमरीचं कार्ड भरलं की गेम गचके खातो. बी५५० घ्या, तिथे ४.० मिळतं. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेनचं आहे, त्याला ही झळ कमी बसते.

गडबड प्रोसेसरकडूनही होते. रायझेन ५ ८६००जी ग्राफिक्स कार्डाला ८ लेन देतो आणि ८५००जी फक्त ४. बोर्डावर १६ लेनचा स्लॉट असूनही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावायचंच असेल तर 'जी'वाले रायझेन घेऊ नका.

आता मॅन्युअलची पीडीएफ उघडा आणि सुरुवातीच्या पानांतला स्टोरेजचा तक्ता काढा. तक्त्यात ओळीने एम.२_१, एम.२_२, सॅटा १ ते ६ असं लिहिलेलं असतं. नजर तक्त्यावर नको, त्याच्या खालच्या बारीक टिपांवर हवी. बी५५०च्या बऱ्याच बोर्डांत तिथे अशा अर्थाची ओळ सापडते: एम.२_२मध्ये ड्राइव्ह लावल्यास सॅटा ५ आणि ६ बंद होतील. काही ठिकाणी लिहिलेलं असतं, की दुसरा लांब स्लॉट एम.२शी लेन वाटून घेतो. 'हार्ड डिस्क दिसत नाही' या तक्रारींचं उत्तर कितीदा तरी या एका ओळीत असतं, आणि उपाय फक्त सॅटाची वायर दुसऱ्या पोर्टात लावणं. त्याच टिपांत कोणता एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला आहे तेही दिलेलं असतं. विंडोजची एसएसडी त्यात लावा.

एम.२चे दोन स्लॉट पुरे. ५.०ची एसएसडी गेमसाठी नको, तापते जास्त आणि लोडिंगचा वेळ वाचतो नाममात्र. प्रोसेसरजवळच्या एम.२ला हीटसिंक असला तर उत्तम, कारण ग्राफिक्स कार्डाची गरम हवा नेमकी तिथेच घुटमळते. ग्राफिक्स कार्डाखाली झाकल्या जाणाऱ्या स्लॉटमधली एसएसडी कार्ड बसवण्याआधी लावा.

६. आकार आणि हेडर

एटीएक्स ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. मायक्रो-एटीएक्स घ्या, स्वस्त पडतो आणि मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो. एकच अडचण: अडीच-तीन स्लॉट जाडीचं ग्राफिक्स कार्ड खालचे छोटे स्लॉट झाकून टाकतं. नंतर वाय-फाय कार्ड किंवा कॅप्चर कार्ड लावायचं असेल तर आधी मोजून बघा.

कॅबिनेटच्या तोंडावर टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्याचा वेगळा, छोटा आयताकृती हेडर (वायर जोडायची जागा) लागतो. स्वस्त बोर्डांवर तो नसतो आणि मग तो पोर्ट शोभेला राहतो. पंख्यांसाठी प्रोसेसरचा सोडून निदान दोन-तीन हेडर हवेत.

आरजीबी लायटिंगला दोन हेडर असतात: १२ व्होल्टचा ४ पिनचा आणि ५ व्होल्टचा ३ पिनचा. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टला लावली की क्षणात जळते. प्लग जात नसेल तर ढकलू नका.

७. मागचे पोर्ट, वाय-फाय आणि वळवाची वीज

कीबोर्ड, माउस, हेडसेट, कंट्रोलर, वेबकॅम, पेनड्राइव्ह... सहाच्या खाली यूएसबी पोर्ट नकोत. यूएसबी हेडसेट वापरणार असाल तर बोर्डाच्या साउंड चिपकडे बघूच नका.

राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर वाय-फायवालाच बोर्ड घ्या. तोच बोर्ड वाय-फायशिवाय हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो, पण नंतर वेगळं कार्ड घेताना तेवढेच जातात आणि ब्लूटूथची सोयही आधीपासून राहत नाही. वेगळं कार्ड एम.२ प्रकारचं घेणार असाल तर इंटेलची 'सीएनव्हीआय' कार्डं एएमडी बोर्डावर चालत नाहीत, एवढं तपासा.

लॅन पोर्टचा शत्रू वेगळाच आहे. अजूनही अनेक ठिकाणी केबलवाला इंटरनेट गच्चीवरून तांब्याच्या लॅन वायरने आणतो. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की ती वायरीतून थेट बोर्डात शिरते. कधी फक्त लॅन पोर्ट मरतो, कधी बोर्ड. बाहेरून येणारी वायर कधीही सरळ पीसीत घेऊ नका, मध्ये राउटर ठेवा आणि गडगडाट सुरू झाला की वायर काढा. नुसता पोर्ट मेला असेल तर नवीन बोर्ड घेऊ नका, यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टरने काम भागतं.

८. बायोस: सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेल असं नाही

दुकानात महिनोन्‌महिने पडलेल्या बोर्डात जुना बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर) असतो. जुन्या बायोसच्या बी६५०वर रायझेन ९०००, बी६६०वर १३वी-१४वी पिढी, बी४५०वर रायझेन ५००० चालू होत नाहीत. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या पानावर 'सीपीयू सपोर्ट' यादी असते, तिथे प्रोसेसरसमोर लागणारी बायोस आवृत्ती दिलेली असते. खोक्यावरच्या स्टिकरवर आवृत्ती असेल तर पडताळा, नसेल तर दुकानदाराकडून अपडेट करून घ्या.

सगळ्यात बरं म्हणजे मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड. त्याला प्रोसेसर आणि रॅम लागतच नाही:

१. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा.
२. बायोसची फाइल उतरवून, झिप उघडून, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला तंतोतंत द्या.
३. एसएमपीएसच्या २४ पिन आणि ८ पिन वायरी जोडा.
४. पेनड्राइव्ह खूण केलेल्या त्याच यूएसबी पोर्टात लावा, दुसऱ्यात चालत नाही.
५. बटण तीन ते पाच सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागेल. तो थांबेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, हात लावू नका.

दिवा लगेच विझला किंवा लुकलुकलाच नाही, तर फाइलचं नाव किंवा पेनड्राइव्हचं फॉरमॅट चुकलंय. लोडशेडिंगच्या भागात हे काम यूपीएसवर करा, मध्येच वीज गेली तर बायोस अर्धवट राहतो.

१३व्या-१४व्या पिढीचे जास्त वॉटचे इंटेल प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे कायमचे बिघडत होते. त्यावरचा मायक्रोकोड (बायोसबरोबर येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आला. तुमचा प्रोसेसर त्यातला असेल तर त्यानंतरचा बायोस टाकल्याशिवाय गेम चालू करू नका. १२४००ला हा त्रास नाही.

९. खरेदी करताना

समजा यादी अशी बनली: रायझेन ५ ७६००, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, डीडीआर५-६०००च्या दोन पट्ट्या, एक एम.२, एक जुनी सॅटा डिस्क, समोर टाइप-सी असलेलं कॅबिनेट, राउटर हॉलमध्ये. तर दुकानात मागायचा तो 'मायक्रो-एटीएक्स बी६५०, वाय-फायसकट, व्हीआरएमवर हीटसिंक, समोरच्या टाइप-सीचा हेडर, फ्लॅशबॅक असलेला'. असे बोर्ड साधारण १२ ते १५ हजारांत येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि ऑनलाइन भावाशी ताडून बघा. 'हा नाहीये, पण याच्यापेक्षा भारी आहे' असं म्हणून दुसरा बोर्ड पुढे आला तर यादीतला एकेक मुद्दा त्याला लावून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

जीएसटीसह पक्कं बिल घ्या आणि त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलावर हजार रुपये वाचतात आणि तीन वर्षांची वॉरंटी जाते. दुबई-अमेरिकेहून कोणाकडून बोर्ड मागवायचा विचार असेल तर आधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात लागू आहे का विचारा, बहुतेकदा ती देशापुरती असते.

मॉडेलच्या नावाबरोबर आवृत्तीही बघा. एकाच नावाच्या बोर्डाची 'रेव्ह १.०' आणि 'रेव्ह १.२' यांत व्हीआरएम किंवा लॅन चिप वेगळी असू शकते. आवृत्ती खोक्यावर किंवा बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली असते.

पैसे दिल्यावर काउंटर सोडण्याआधी पिना तपासा. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, एएम४मध्ये प्रोसेसरला. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण दुकानदारालाच काढायला सांगा. मोबाइलची टॉर्च तिरकी धरून दोन बाजूंनी बघा. सरळ पिना ओळीने सारख्या चमकतात, वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी चमकते किंवा काळी दिसते. फोटो काढा आणि झाकण परत लावून घ्या. वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही, आणि दुकानाबाहेर पडल्यावर ती कोणी वाकवली हे सिद्ध करता येत नाही. ऑनलाइन घेतलं तर खोकं फोडल्यापासून पिना दिसेपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

१०. पहिल्यांदा चालू करताना

शक्यतो कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवूनच प्रोसेसर, कूलर आणि रॅम लावून चाचणी घ्या. चंदेरी पिशवीवर बोर्ड ठेवून वीज देऊ नका, ती बाहेरून वीजवाहक असू शकते. प्रोसेसर 'एफ'वाला असेल तर ग्राफिक्स कार्डही लावावं लागेल.

एएम५वर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. दहा मिनिटं थांबा. अधीर होऊन बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तरीही काही आलं नाही तर कोपऱ्यातले चार छोटे दिवे बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोजची डिस्क). डीरॅमचा पेटलेला असेल तर एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. सीपीयूचा असेल तर आधी ८ पिन वायर, मग बायोस, मग पिना.

चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी (इंटेलचा तसाच प्रोफाइल) चालू करा. हे न केल्याने ६०००ची रॅम ४८००वर पळत राहते आणि कित्येकांना ते वर्षभर कळत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तिथे खात्री करून घ्या.

कॅबिनेटमध्ये बसवताना बोर्डाच्या भोकांखालीच पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते छोटे खांब) आहेत ना ते मोजा. एखादा जादा राहिला तर तो मागून बोर्डाला टेकून शॉर्ट करतो.

सॉकेटचं काळं झाकण, खोकं आणि बिल एकत्र ठेवून द्या. झाकण नसलेला बोर्ड वॉरंटीत पाठवला की सर्व्हिस सेंटर तो घ्यायला नकार देऊ शकतं.